मौनाच्या वेळी अँपची घूंऽऽ : घरच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

काकाजी, घर: मंडळी, काल अंगनात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम झाला. मोझरीच्या आश्रमातल्याच वेळेवर, 4 वाजून 58 मिनिटांनी सारे उभे राह्यले. लेकरं सुद्धा चूप. अन् त्या शांततेत आपल्या अँपची, म्हंजे ॲम्प्लिफायरची, घूंऽऽऽ. भजन चालू होतं तवा कोनाले समजलं नाई, मौनात मात्र सारं अंगन भरून गेलं. मले लय वाईट वाटलं.

ताई, वरूड: काकाजी, मनाला लावून घेऊ नका. पण हे शोधायलाच पाहिजे. दादा, बघ ना.

दादा, नागपूर: बघतो. काकाजी, अँप नका विकू, नका कोणाला उघडू देऊ. अशी घूं बहुतेक वेळा अँपच्या बाहेरूनच येते. आधी मला सांगा, आवाज कसा होता? तंबोऱ्याच्या खर्जासारखा जाड, की माशी अडकल्यासारखा झिर्रर्र, की नुसती फुसफुस?

काकाजी, घर: जाड. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राह्यलं की येते ना, तसा.

दादा, नागपूर: मग ती लाइनचीच घूं. आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. ते हेलकावे कुठून तरी आवाजाच्या वायरमध्ये शिरले की 50 चा खर्ज ऐकू येतो. अँपच्या पोटातला मोठा कंडेन्सर म्हातारा झाला तर बहुधा 100 ची, थोडी वरच्या सुराची घूं येते. फुसफुस असती तर मी माईकचा आवाज कमी करायला सांगितलं असतं. वहिनी, तुम्ही अँपजवळ आहात का?

वहिनी, घर: आहे भाऊजी. सांगा.

दादा, नागपूर: मोठं बटन, म्हणजे व्हॉल्यूम, शून्यावर न्या. घूं राहते की जाते?

वहिनी, घर: गेली. पूर्ण गेली.

दादा, नागपूर: फार बरं झालं. शून्यावरही राहिली असती तर रोग अँपच्या पोटात होता. आता व्हॉल्यूम पुन्हा वाढवायचा, आणि मागच्या वायरी एकेक करून काढायच्या. दर वेळी वायर काढायच्या आधी व्हॉल्यूम शून्यावर, नाहीतर धाडकन आवाज येऊन स्पीकरचा पडदा फाटतो. एका वेळी एकच वायर. दोन सोबत काढल्या तर कोणती दोषी ते कळत नाही.

वहिनी, घर: माईक काढला, घूं तशीच. मोबाईलची वायर काढली, तशीच, थोडी कमी झाली असं वाटलं.

दादा, नागपूर: मोबाईल चार्जरला लावलेला होता का?

वहिनी, घर: हो.

दादा, नागपूर: ती झिर्र चार्जरची. भजन लावताना मोबाईल चार्जरवरून काढून ठेवत जा. पुढे चला.

वहिनी, घर: टीव्हीची लाल-पांढरी वायर काढली. भाऊजी, एकदम शांत. पिनवर हिरवा गंजही चढलाय.

भाचा, अमरावती: मामा, मग अँपच्या थ्री-पिनची अर्थची पिन कापून टाका. आमच्या रूमवर सगळे तसंच करतात, घूं लगेच जाते.

दादा, नागपूर: नाही बेटा. घूं जाते हे खरं, पण ती पिन जीव वाचवायला आहे. आपला अँप पत्र्याचा आहे. आत ट्रान्सफॉर्मरची वायर सोलून पत्र्याला लागली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. पिन कापली असेल तर तो पत्रा करंट धरून बसतो. मग ओल्या अंगणात अनवाणी उभा राहून माईक हातात घेणारा माणूस त्या वाटेत येतो. आपल्या अंगणात लेकरं माईक धरतात. तुमच्या रूमवर जे केलंय ते आज संध्याकाळीच नीट करा, मला फोटो पाठव.

भाचा, अमरावती: करतो मामा.

काकाजी, घर: वायरमन म्हने अर्थ लागत नाई, नूट्रललेच जोडून देतो. बोर्डात तसंच केलं असन त?

दादा, नागपूर: मग ते आधी सोडवायचं, काकाजी. खांबावर नूट्रल तुटला की घरातल्या अर्थ केलेल्या सगळ्या पत्र्यांत करंट येतो. लायसन्सवाला माणूस बोलवा. मेन बंद करून बोर्ड त्यानंच उघडावा.

वहिनी, घर: भाऊजी, पण टीव्हीचा घूंशी काय संबंध? टीव्ही तर दोन पिनचा आहे.

दादा, नागपूर: टीव्ही दोन पिनचाच. पण सेटटॉप बॉक्सला डिशच्या छत्रीची वायर येते ना? छत्री कुठे बसवली आहे?

काकाजी, घर: जिन्याच्या लोखंडी कठड्याले. कठडा खाली मातीत गाडला हाय.

दादा, नागपूर: सापडलं, असं वाटतं. वहिनी, टीव्हीची वायर अँपला परत लावा, आणि बॉक्समागची छत्रीची गोल वायर फिरवून काढा.

वहिनी, घर: काढली. चित्र गेलं, घूं पण गेली!

दादा, नागपूर: बघा, आपल्या अँपची अर्थ बोर्डातून विहिरीकडच्या पाइपात, नाहीतर तुम्ही म्हणता तशी नूट्रलमधून जाते. छत्रीची अर्थ कठड्यातून जिन्याखालच्या मातीत. जमीन एकच दिसते, पण दोन जागांच्या मातीत थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. टीव्हीच्या ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीनं दोन्ही अर्थ एकमेकांना जोडल्या, आणि त्या जाळीतून लाइनचा करंट वाहायला लागला. अँपला तो गाण्यासारखाच वाटतो, मग तो त्याला मोठा करून बाहेर टाकतो. छत्रीची अर्थ तोडायची नाही, विजेच्या दिवसांत तिचा आधार आहे. उपाय ऑडिओ वायरमध्ये करायचा. दुकानात ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण तांब्याची वाट तुटते. दिवाळीला येताना घेऊन येतो.

ताई, वरूड: आणि लाइन गेली की इन्व्हर्टरवर करकर येते ती?

दादा, नागपूर: तो इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो, म्हणून. त्यावर स्वस्तात उपाय नाही, शुद्ध साइन वेव्हवाला घेईपर्यंत सहन करावं लागेल. एक मात्र करा, माईकची वायर आणि लाइनची वायर एका सुतळीनं खांबाला बांधू नका. ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा.

काकाजी, घर: बांधली होती, बापू. दोन्ही सोबत. आता सोडतो.

वहिनी, घर: भाऊजी, मोठी आई बाजूला बसून ऐकताहेत. त्या विचारतात, "मंग माह्या रेडिओत दिवे लागल्यावर टक् टक् कायची येते? नागपूर आयकू देत नाई."

दादा, नागपूर: मोठ्या आईला म्हणावं, मनात आकडे मोजा. एक आकडा, एक टक्, असं येतं का?

वहिनी, घर: होय म्हणतात. "एक, टक्, दोन, टक्, घड्याळासारखी. पहाटे थांबते."

दादा, नागपूर: काकाजी, वाडीच्या तारेला झटका मशीन कधी चालू करता?

काकाजी, घर: दिवे लागनीले. पहाटे बंद. रानडुकरं संत्र्याच्या आळ्यात शिरून ठिबकच्या नळ्या तोडतात, त्यायच्यासाठी.

दादा, नागपूर: तिचीच टक् टक्. ती मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडते. मिडीयम वेव्हवर, आपल्या नागपूरच्या 585 वर, ती लगेच उमटते. मशीनची अर्थ कुठे बांधली आहे?

काकाजी, घर: बापू, खरं सांगतो. उन्हाळ्यात काळ्या मातीले हात जाईन एवढ्या भेगा पडल्या, सळई ढिली झाली. म्हनून विहिरीजवळच्या घरच्या अर्थिंगच्या पाइपालेच बांधली.

दादा, नागपूर: तीच आधी सोडा, काकाजी. प्रत्येक झटका घराच्या अर्थमध्ये शिरतोय. मशीनच्या अर्थच्या सळया घरच्या अर्थपासून निदान 10 मीटर लांब पाहिजेत. नाल्याकडची ओल असलेली जागा बघा. आणि तार कुठे गवताला टेकली असेल तर तिथे ठिणगी पडते, तीही रेडिओत येते. हे सगळं मशीन बंद करूनच करा. घरच्या पाइपाभोवती उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकत जा, काळी माती वाळली की पाइपाला सोडते.

दुसऱ्या दिवशी

काकाजी, घर: सळया नाल्याकडं ठोकल्या, ढांगा टाकून मोजलं, पंधरा भरल्या. तारेखालचं गवत कापलं. दोन खुट्यांचे चिनीमातीचे इन्सुलेटर फुटले होते, त्यायच्या जागी नवे लावले. वायरमन आला, बोर्ड पाह्यला. नूट्रललेच जोडली होती. आता पाइपाची वेगळी वायर ओढली.

वहिनी, घर: आत्ता साडेसात. मशीन चालू आहे. मोठी आई रेडिओ कानाला लावून बसल्या आहेत. म्हणतात, "टक् नाई. बाई बोलून राह्यली, श्वास घेते तेई आयकू येते."

ताई, वरूड: डोळ्यात पाणी आलं गं वहिनी.

दादा, नागपूर: काकाजी, आयसोलेटर येईपर्यंत प्रार्थनेच्या आधी टीव्हीची लाल-पांढरी वायर अँपमधून काढून ठेवायची, विसरू नका.

काकाजी, घर: आता काढूनच बसलो आहो. व्हॉल्यूम रोजच्याच खुणेवर. खंजिरी हातात घेतली, वाजवली नाई अजून. अंगनात रातकिडे आयकू येऊन राह्यले.