मदत हवी आहे, जुन्या ट्रकला नवा गिअरबॉक्स बसवायचाय

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. वडलांचा १९९४ चा ट्रक आहे, हळदीची पोती घेऊन वाशीला जातो. दुसरा गिअर टाकला की कर्रर आवाज, सिंक्रो रिंगा (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) पार घासल्यात, आणि खंबाटकी घाट चढताना चालत्या गाडीत तिसऱ्याचा दुसरा करायचा म्हणजे जीव मुठीत. म्हणून नव्या गाडीचा ओव्हरड्राईव्हवाला (वरच्या गिअरला इंजिन कमी फिरवून पळणारा) पाच गिअरचा बॉक्स घेतला, पण त्याच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनकडनं आत येणाऱ्या दांड्याचे) स्प्लाईन, म्हणजे खाचा, आमच्या क्लच प्लेटला बसेनात, बेल हाउसिंगची (बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या कवचाची) भोकंपण वेगळी. मधे जोड द्यायला ॲडाप्टर प्लेट करून घ्यावी का? बॉक्स लांब आहे, मग प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं जाणारा दांडा) कापून बॅलन्सिंग सांगली-कराड भागात चांगलं कोण करतं? इंजिन वडलांच्या हातचं आहे, ते बदलायचं नाही.