अनुभव धागा : आपण धरलेली सवय आणि आपल्याला धरून आणलेली सवय

दादरची लेक, मुलुंड

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एचआरने 'रोज दहा हजार पावलं' अशी स्पर्धा लावली. टीमप्रमाणे गुण, दर शुक्रवारी मेलवर यादी, तळाच्या तिघांची नावं लाल रंगात. त्या तिघांत आपण नको म्हणून मी रात्री अकरा वाजता हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारायचे. नवरा म्हणायचा, एवढ्या फेऱ्या वडाला मारल्या असत्यास तर माझं आयुष्य तरी वाढलं असतं. तीन महिन्यांत दीड किलो उतरलं, गुडघा धरला आणि चालण्याचा असा वीट आला की स्पर्धा संपल्यावर ते घड्याळ कपाटात गेलं ते अजून तिथेच आहे. दीड किलो परत आलं, येताना आणखी एकाला घेऊन.

नंतर वाचलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेलाच नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव तोंडी बसलं आणि पुढे त्याचाच नियम झाला. मी सोफ्याभोवती फिरत होते ती एका जाहिरातीपायी!

तिकडे माझे बाबा, वय ७९, रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला जातात. अडीच फेऱ्या. अडीचच का, देव जाणे. घड्याळ नाही, बूट नाहीत, पायात साध्या चपला. त्यांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तर हा धागा त्यासाठी. तीच सवय एकाला मानवते आणि दुसऱ्याला छळते, तेव्हा मध्ये नेमकं काय वेगळं असतं? तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. काढे आणि सल्ले नकोत, ते घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येतातच.

नाइट ड्युटी

स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं. दिवसभर वॉर्डात चालणं, पेशंटला कुशीवर वळवणं, जिने. तरी कोणी 'व्यायाम करता का' विचारलं की मी 'नाही हो, वेळच मिळत नाही' म्हणायचे आणि वर मलाच अपराधी वाटायचं. आमच्याकडे शिकायला आलेल्या फिजिओच्या एका मुलीने मला अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. आलिया क्रम आणि एलन लँगर या दोघींनी सात हॉटेलांतल्या, खोल्या आवरणाऱ्या ८४ बायकांवर केलेला, २००७ साली छापून आला. एका गटाला सांगितलं की तुम्ही चादरी बदलता, बाथरूम घासता, हाच व्यायाम आहे, डॉक्टर सांगतात तेवढा होतो. दुसऱ्या गटाला यातलं काही सांगितलं नाही. चार आठवड्यांनी पहिल्या गटाचं वजन आणि बीपी थोडं उतरलेलं. काम तेच, निदान त्या बायकांच्या सांगण्याप्रमाणे तरी.

मी हसले तिला. पण दुसऱ्या दिवशी बेड ओढताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकले. लिफ्ट बंद होती तेव्हा 'मेला हा जिना' म्हणण्याऐवजी मजले मोजले. खरं सांगते, वजन अर्धा किलोही हललं नाही. कंबर मात्र सुधारली. आता ती मनाने की नीट वाकण्याने? मला वाटतं, आधी मनात आलं म्हणून वाकणं बदललं. त्याआधी वीस वर्षं मला नीट वाकायला कोणी मनाई केली नव्हती.

हे आमच्या मेट्रनना कळवू नका. उद्या म्हणतील, व्यायाम होतोय ना, मग आणखी चार बेड घ्या.

गिरगावकर

आमच्या घरात काही वर्षांपूर्वी फाळणी झाली होती. आई ऋजुता दिवेकरांच्या बाजूची: दर दोन तासांनी थोडं खा, वरणभातावर तूप घ्या. काकू डॉ. दीक्षितांच्या बाजूची: दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा. काकांनी मला काकूच्या पक्षात ओढलं. मी काय करायचो, तर मोबाइलवर टायमर लावून जेवायला बसायचो आणि ५३ व्या मिनिटाला दोन पेढे. एकादशी, दुप्पट खाशी, ते दिवसातून दोनदा. मधल्या वेळात डोक्यात फक्त वडापाव. दोन महिन्यांत चिडका झालो, पोट होतं तिथेच.

काकूचं तेच वेळापत्रक आज सहा वर्षं चालू आहे आणि तिची तब्येत खरंच छान आहे. मी एकदा विचारलं, कंटाळा येत नाही? म्हणाली, "अरे, लग्न होऊन आल्यापासून सकाळचा चहा, नाश्ता, जेवण, चारचं खाणं, रात्रीचं जेवण. मी स्वतः दोनदाच खाते म्हटल्यावर मधल्या वेळचं ज्याचं त्याने करून घ्यायला सुरुवात केली."

आम्ही सगळे तिचं वजन बघत होतो. तिला स्वयंपाकघरातून सुटी मिळाली होती, हे सहा वर्षांत घरात एकालाही दिसलं नाही. मी धरून.

विरार लोकल

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका, पण 'आपण धरलेली' वगैरे मला जरा जड जातं. साडेचारला उठायचं, पाणी आहे तोवर भरून घ्यायचं, दोन डबे, नालासोपाऱ्याहून सहाच्या आतली गाडी. यात मी काय धरू आणि काय सोडू?

तरी एक लिहिते. आमच्या लेडीज डब्यात चौघीजणी टाळ घेऊन चढतात आणि भजन करतात. मला त्यांचा भयंकर वैताग यायचा. तेवढीच अर्ध्या तासाची डुलकी, तीही मोडायची. मैत्रिणीला म्हणायचे, देव काय फक्त याच डब्यात राहतो का. दोन पावसाळ्यांपूर्वी मीरा रोड आणि दहिसरच्या मध्ये गाडी अडकली. पाऊण तास. खिडक्या लावलेल्या, आत वाफ, हलायला जागा नाही. एक कॉलेजची मुलगी घाबरून रडायला लागली. त्या चौघींनी अगदी हळू आवाजात सुरुवात केली, टाळ न वाजवता. भजन माझ्या आजीचं. मी कधी त्यांच्यात म्हणायला लागले, कळलंच नाही.

तेव्हापासून मी पाचवी. डुलकी गेली ती गेलीच. पण अंधेरीला उतरताना पूर्वी जी कपाळाची शीर उडायची, ती उडत नाही. डबा तोच, गर्दी तीच, आवाज तर माझा धरून वाढलाच आहे. हे तुमच्या विषयात बसतं का बघा.

दादरची लेक, मुलुंड

बसतं म्हणजे काय ताई! चौथी सीट देऊन बसवू.

विक्रोळी पूर्व

धागा गोड चालला आहे, त्यात थोडं कडू घालतो. डायबेटिस, नऊ वर्षं. चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांनी माझ्या डोक्यात भरवलं की आजार आधी मनात असतो, तू बरा आहेस असं मनोमन ठरव. मी ठरवलं. पूर्ण श्रद्धेने, कोणाच्या दबावाने नाही. म्हणजे निवडही माझीच, मनाची तयारीही भरपूर. गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांना न सांगता. त्या काळात मला इतकं प्रसन्न वाटायचं की विचारू नका. चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.१ वरून १०.४. पायाला मुंग्या.

आता गोळ्या चालू आहेत. जोडीला जेवणानंतर पंधरा मिनिटं कॉलनीत चालतो. जेवणानंतर लगेच चालल्याने साखर कमी चढते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, आणि ते मला आवडो न आवडो होतंच. मनाचा उपयोग एवढाच की मी रोज चप्पल घालतो. सिस्टर, तुमचं कमरेचं पटलं. पण 'फक्त विचार बदला' म्हणणारा कोणी भेटला की माझ्या पायाला अजून मुंग्या येतात.

नाइट ड्युटी

काका, शंभर टक्के. असे पेशंट आमच्याकडे दर आठवड्याला भरती होतात.

अंधेरी पश्चिम

आमच्या भागाची कीर्ती म्हणजे हास्य क्लब. डॉ. मदन कटारियांनी मार्च १९९५ मध्ये लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. आधी विनोद सांगून हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरले ते कोणालातरी लागणारे. मग विनोदाशिवाय, नुसतंच हसायचं ठरलं.

आमचे हे गेले त्यानंतर मुलीने माझं नाव अशाच एका क्लबात घातलं. 'आई, तुला गरज आहे.' दीड महिना गेले. हो हो, हा हा. कोणीतरी सांगितलं की शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यातला फरक कळत नाही. माझ्या शरीराला चांगला कळत होता. घरी येऊन दार लावून रडायचे. सोडून दिलं. मुलगी नाराज झाली, म्हणाली तू प्रयत्नच करत नाहीस.

वर्षभराने एका सकाळी दूध आणायला गेले होते, तर बागेच्या कठड्यापाशी थांबले. कोणी बोलावलं नाही, कोणी पाहिलंही नाही. आत जाऊन शेवटच्या रांगेत उभी राहिले. आता रोज जाते. टाळ्या वाजवते, हात वर करते, हसत नाही. आमच्या म्होरक्याला सांगून टाकलंय, आणि त्याने 'बरं' एवढंच म्हटलं. मला तो माणूस त्या एका शब्दासाठी आवडतो. नंतर आम्ही सहाजणी चहा घेतो. चहाला हसते मी कधीकधी.

मुलीला अजून सांगितलेलं नाही.

चटई

माझं छोटंसं. '२१ दिवसांत सवय लागते' हे वाचून चार वेळा योगासनं सुरू केली, चार वेळा बावीसाव्या दिवशी स्वतःला नापास केलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर हे पाहिलं, तर सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८, कोणाला २५४. आज माझा १४० वा दिवस. अजून चटई आपसूक उलगडत नाही, पण उलगडते. काल पावसाळी हवा होती, नुसती तिच्यावर झोपले.

गिरगावकर

चटईताई, शवासन धरा ते.

बाकी मूळ प्रश्न राहिलाच. अडीच फेऱ्या का? बाबांना विचारलंत?

दादरची लेक, मुलुंड

काल रविवारी विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "कसल्या फेऱ्या? आमचा बुद्धिबळवाला रोज कट्ट्यावर वेगळ्याच जागी जाऊन बसतो. त्याला शोधतो मी. सापडला की बसतो."

गेल्या आठवड्यात तो बुद्धिबळवाला चिपळूणला गेला होता. बाबांच्या पाच झाल्या.