रिकामा करंडक घरात आणावा का?

घासूनपुसून: गेल्या महिन्यात रोमला व्हिया देई कोरोनारीत (जुन्या वस्तूंची गल्ली, नाव मात्र जपमाळा विकणाऱ्यांवरून पडलेलं) संतांचे अवशेष ठेवायचा एक जुना करंडक हातात घेतला. दोन वीत उंच. समोरून चांदीचं उठावकाम, वर आपल्या देवांना असते तशी प्रभावळ. उलटा केला तर मागे नुसतं लाकूड, त्यावर पत्रा दुमडून चुका ठोकलेल्या. मधली काचेची डबी रिकामी. बायको म्हणाली, "हाडाची डबी माझ्या घरात नको." नाही घेतला, पण हळहळ जात नाही. आत काही नाही म्हणजे ती निव्वळ कारागिरी, नाही का? आणि कुणी घेतलंच नाही तर मोडीत जाणार.

मांडवीकाठ: डबी आपोआप रिकामी होत नाही हो. आत लाल रेशमी दोरा बांधून त्यावर लाखेची मोहर करतात. ती फोडल्याशिवाय अवशेष निघत नाही. चर्चच्या कायद्यात (कलम 1190) पवित्र अवशेष विकायला साफ बंदी आहे, म्हणून काही विक्रेते "पैसे डबीचे, आतलं भेट" असं लिहितात. तुमच्या देव्हाऱ्यातले टाक कुणी 'निव्वळ कारागिरी' म्हणून शोकेसमध्ये मांडले तर चालेल?

घासूनपुसून: बंदी अवशेष विकायला आहे, डबी विकायला नाही. आणि टाक तर संग्रहालयात सर्रास दिसतात!

पेठेतला_सोनार: मोडीचं काढलंत म्हणून लिहितो. असल्या कामाचा पत्रा कागदासारखा असतो, सगळा सोलून काढला तरी चांदी ती किती निघणार? जुनी वस्तू म्हणून भाव कितीतरी जास्त येतो. कोण वितळवतंय?

अर्धवटराव: संग्रहालय म्हणजे मरण असंही नाही. नेपल्समध्ये सान जेन्नारो या शहराच्या रक्षक संताचा चांदीचा अर्धपुतळा 1305 सालचा, फ्रेंच सोनारांनी घडवलेला. त्या संताचा सगळा खजिना चर्चच्या नव्हे, शहराच्या मालकीचा. 2003 पासून त्याचं संग्रहालय आहे, तरी मे महिन्यात चांदीचे संत खांद्यावरून मिरवणुकीला निघतातच.

मांडवीकाठ: अहो, मग तेच म्हणतेय मी! निघतात. जुन्या गोव्यात सायबाची, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह ठेवलेली, चांदीची पेटी बघा. आराखडा मास्त्रिली या इटालियन जेझुइट पाद्र्याचा, घडणावळ गोव्याच्या कारागिरांची, 1636-37 ची. खालचा संगमरवर फ्लॉरेन्सच्या फोजिनीचा. पेटी इतकी उंचावर की नक्षी धड दिसतही नाही, पण दर दहा वर्षांनी देह दर्शनाला खाली येतो. घरातल्या शोकेसमधला करंडक कुठे निघणार?

घासूनपुसून: सोनारसाहेब, मोडीचा मुद्दा मागे घेतो. बाकी मत तेच. फक्त आत्ता दुकानातला फोटो मोठा करून पाहिला. डबीच्या मागच्या कडेला लाल लाखेचा टवका आहे, नखाएवढा. तेव्हा तो गंज वाटला होता.