म्हातारा वेल उपटावाच का?
द्राक्षाचा वेल म्हातारा होऊन माल घटला की तो उपटून टाकावा, असं म्हणतात. हिशेबाने बरोबरच! १९८०च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियात सरकारनेच वेल उपटायला पैसे दिले आणि तिथल्या बरोसा या वाईनच्या द्राक्षांच्या भागातल्या कित्येक जुन्या बागा गेल्या. पण शेजारच्या ईडन व्हॅलीत वाईन बनवणाऱ्या हेन्श्के कुटुंबाने 'हिल ऑफ ग्रेस' ही आपली बाग राखली. तिथले सर्वांत जुने शिराझचे (वाईनच्या काळ्या द्राक्षाची एक जात) वेल १८६०च्या आसपासचे, तेही कीड सोसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम न करता स्वतःच्याच मुळांवर, कारण मुळं पोखरणारी फायलोक्सेरा कीड त्या भागात पोचलीच नाही. ठिबकबिबक काही नाही, पावसावरच. सिरिल हेन्श्केंनी १९५८ पासून या बागेची वाईन वेगळी काढली. आता त्यांच्या सूनबाई प्रू याच वेलांच्या निवडक काड्यांपासून नवी लागवड करतात.