मदत हवी आहे: बेळगावहून एका दिवसात बदामीचा किल्ला आणि बौद्ध लेणी

वडगावचा_वाटसरू
रविवारी बेळगावातून गाडीनं बदामी करायचा बेत आहे. चौघे आहोत, आईचे गुडघे दुखतात. किल्ला, बौद्ध लेणी, शिवाय पट्टदकल आणि ऐहोळे एका दिवसात बसेल का? आधी काय, मग काय? जेवणाचं कसं?

शहापूर_पेठ
बदामीची चार मोठी लेणी बौद्ध नव्हेत. पहिलं शैव (अठरा हातांचा नटराज तिथलाच), दुसरं-तिसरं वैष्णव, चौथं जैन. बौद्ध वास्तू हवी तर ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर जा. माथ्याच्या जरा खाली दुमजली विहार आहे, अर्धा खडकात कोरलेला, अर्धा बांधीव. ओसरीच्या छतावर बुद्ध कोरलाय. मान वर केली नाही तर हमखास चुकतो.
पट्टदकल या खेपेला सोडा. "वाटेतच आहे, दहा मिनिटं थांबू" म्हणत दीड तास जातो आणि मेगुती बुडते.

रामदुर्ग_फाटा
अंतर साधारण दीडशे किलोमीटर. यरगट्टी, रामदुर्ग करत जा. पाचला निघालात तर नवाच्या आत पोचाल.
आधी उत्तरेकडचा किल्ला, मग लेणी. उलटं करतात तेच चुकतं: लेण्यांचं तोंड उत्तरेला, आत सावली असते, किल्ल्यावर मात्र अकरानंतर दगड तापतो. चढ संग्रहालयाशेजारून सुरू होतो. वाट खिंडीतून जाते, पायऱ्या उंच आणि ओबडधोबड. सँडल नको, बूट घाला. वर धान्यकोठारं, बुरूज आणि वरचं शिवालय. हा डोंगर चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीनं ५४३ साली तटबंद केला. लेण्यांकडून दक्षिण किल्ल्यावर जाणाऱ्या जिन्याला कुलूप असतं, तिथं वाद घालत बसू नका.
माकडांपासून सावध. हातातली पिशवी आणि बाटली आधी जाते. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन बंद करून.

वडगावचा_वाटसरू
आईनं काय बघावं? किल्ला तिला झेपायचा नाही.

शहापूर_पेठ
तुम्ही किल्ल्यावर असताना त्यांना संग्रहालयात बसवा (नऊला उघडतं, शुक्रवारी बंद). तिथून तळ्याच्या काठानं भूतनाथाच्या देवळापर्यंत वाट सपाट आहे. लेण्यांत पहिलं थोड्याच पायऱ्यांवर आहे. जमलं तर तिसरं चुकवू नये: सगळ्यांत मोठं, आणि चालुक्य मंगलेशाचा शके ५००, म्हणजे ५७८ सालचा लेख तिथंच आहे.

रामदुर्ग_फाटा
जेवण बदामीतच उरका. बसस्टँडच्या आसपास खानावळीत जोंधळ्याची भाकरी मिळते. ऐहोळ्यात जेवणाच्या भरवशावर राहू नका. बनशंकरीला देवळापाशी बाया टोपलीत भाकरी, चटणी, दही घेऊन बसतात, तेही चालेल. पौष पौर्णिमेच्या जत्रेत मात्र त्या रस्त्याला जाऊ नये.
ऐहोळे ३५ किलोमीटर, तास धरा. तीनला मेगुती चढायला लागा.

शहापूर_पेठ
माथ्यावरच्या जैन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा ६३४ सालचा लेख आहे. दुसऱ्या पुलकेशीनं उत्तरेच्या हर्षवर्धनाला हरवल्याचं त्यात आहेच, शिवाय ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचाही (म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा) उल्लेख आहे. आपल्याकडच्या लोकांनी तेवढ्यासाठी तरी चढावं. अक्षरं तिरप्या उन्हात नीट दिसतात. भिंतीवर सावली असेल तर बाजूनं टॉर्च धरा, पाणी-पावडर लावू नका.

रामदुर्ग_फाटा
पाचला ऐहोळे सोडा. उसाच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात, यरगट्टीपर्यंत वेग आवरा.