शेअर्ड रिसोर्स : सामायिक की सामाईक? आणि 'पूल'चं काय करायचं?

सांगलीहून :
पोरांसाठी टॉमकॅटची (जावातली वेब ॲप चालवणारा सर्व्हर) टिपणं मराठीत लिहितोय. एका सर्व्हरवर तीन ॲप, डेटाबेस एकच, म्हणून डेटासोर्स (डेटाबेसशी कसं जोडायचं त्याची मांडणी) सर्व्हर.एक्सएमएल ह्या सेटिंगच्या फाइलमध्ये ग्लोबल नेमिंग रिसोर्सेसखाली एकदाच मांडायचा. मी 'सामायिक संसाधन' लिहिलं तर एक पोरगी म्हणाली, सर, सामायिक म्हणजे आजी रोज ४८ मिनिटं बसते ते ना? जैन घरातली आहे, त्यांच्यात ध्यानाला बसण्याला सामायिक म्हणतात, तिचं बरोबरच होतं. आणि 'कनेक्शन पूल' (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) म्हटलं की पोरांना कृष्णेवरचा १९२९चा आयर्विन पूल दिसतो, कनेक्शन म्हणजे जोडणी, पूलही जोडतोच, त्यामुळं चुकीचा अर्थ इतका चपखल बसतो की कुणाला शंकाच येत नाही. काय लिहू?

तासगावहून :
'सामाईक' लिहा, सातबाऱ्यावर तोच शब्द आहे. आमची विहीर चुलत्यांच्या गटात, आमच्या उताऱ्यावर फक्त इतर हक्कात हिश्श्याची नोंद. तुमचा ग्लोबल रिसोर्स ही विहीर आणि ॲपच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल फाइलमधली रिसोर्सलिंक ही नोंद. नोंद नसली तर विहीर तुडुंब भरलेली असून ॲपला थेंब नाही, 'नेम इज नॉट बाउंड' म्हणून एरर येतो, मी ह्यात अख्खी दुपार घालवलीय. लिंकमधलं 'ग्लोबल' सर्व्हर.एक्सएमएलमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, 'नेम' मात्र ॲपच्या सोयीचं चालतं. ड्रायव्हरची जार (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडची फाइल) टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये, मोटर विहिरीवर बसवतात, ज्याच्या त्याच्या रानात नाही. आणि पूलऐवजी 'हौद'?

मिरजेहून :
सामाईक पटलं, हौद नाही. हौदातलं पाणी घेतलं की गेलं, कनेक्शन वापरून परत द्यायचं असतं. भावकीची भांडी आठवा, लग्नाला मोजून न्यायची, घासून मोजून परत आणायची. मॅक्सटोटल (एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या) दिलं नाही तर पातेली ८च, तिन्ही ॲपना मिळून. एकानं क्लोज (जोडणी सोडायची कोडमधली आज्ञा) न करता घरातच ठेवली की पुढच्याचं लग्न अडलं, आणि मॅक्सवेटमिलिस (जोडणीसाठी किती वेळ थांबायचं) मूळचं उणे १ असतं म्हणजे तो दारात कितीही वेळ ताटकळणार, एरर पण येत नाही, नुसतं पान फिरत राहतं.

सांगलीहून :
भांड्यांचं एकदम पटलं. मग 'सामाईक जोडण्यांचा संच' लिहितो, 'पूल' फक्त कोडमध्ये जिथं लागतो तिथं. क्लोजला 'बंद करणे' लिहिलेलं, ते पण खोडून 'परत करणे' करतो, कारण जोडणी बंद होतच नाही, संचात परत जाते.