मदत हवी आहे: वर्गातल्या निरीक्षणाला कोणती मांडणी लावू?

नमस्कार मंडळी. एम.ए.ला शिक्षणाचं समाजशास्त्र घेतलंय आणि एका ठिकाणी अडकले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा १९६६चा अहवाल सांगतो की मुलांच्या यशात शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा. पण हे घर वर्गात नेमकं शिरतं कसं?

निरीक्षणासाठी चौथीच्या वर्गात बसले होते. एका मुलीने उत्तर बरोबर दिलं, पण तुटक. बाई म्हणाल्या, "पूर्ण वाक्यात सांग." ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत पेन्सिलीचं टोक कुरतडत राहिली.

इथे समाजशास्त्रज्ञ बूर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल (घरातून मिळालेली भाषा, सवयी, जाण, ज्यांना शाळेत किंमत असते) धरू की बर्नस्टीनची भाषिक संकेतांची मांडणी (घरच्या वळणानुसार काही मुलं थोडक्यात, संदर्भावर विसंबून बोलतात, तर काही सविस्तर)? (बर्नस्टीन लावताना आपणच तिच्या बोलीला कमी लेखतोय का, ही धास्ती वाटते.) वर्गनिरीक्षणावर कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा, नोंदी कशा ठेवल्या होत्या?